छोट्या लाइनीचं स्टेशन : कामाच्या नोंदी

17 नोव्हेंबर 2024

आज किल्ली मिळाली. किल्ली म्हणजे कुलूप तोडायची लेखी परवानगी, कारण मूळ किल्ली कुणाकडेच नाही. जिभाऊंनी दोन घावांत कुलूप उडवलं. आत वटवाघळांचा वास, फरशीवर वीतभर धूळ आणि मास्तरांच्या टेबलाचे फक्त चार पाय. वरची फळी कुणाच्या तरी घरी पाटा-वरवंट्याखाली असेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही पाचोरा-जामनेर लाइन. सगळा मुलूख तिला 'पीजे' म्हणतो. 1918-19 च्या सुमारास सुरू झाली, लांबी 56 किलोमीटर, दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या लाइनीचं साडेपाच फूट. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत गाडी जामनेरला पोचायची. 2020 च्या मार्चात टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आमचं स्टेशन यांतलंच एक. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण छप्पर धड नाही आणि रविवारी मोबाइल घेऊन येणाऱ्यांच्या डोक्यात कौल पडलं तर कागद मलाच भरावे लागतील.

इमारतीची वारसा म्हणून नोंद झाल्यापासून गावाला वाटतंय पैसे आले. पैसे नाही आले, अटी आल्या. सिमेंट नको, दारं-खिडक्या बदलायच्या नाहीत, चकचकीत फरशी नको, भिंतीला भोक पाडायचं तरी विचारून पाडा. मला या अटी आवडल्या. निम्मी भांडणं आधीच मिटली.

मंडळी अशी: गुरुजी (निवृत्त, नोंदवह्या यांच्याकडे), जिभाऊ (गवंडी, चुन्याचं काम येणारा पंचक्रोशीतला बहुधा शेवटचा माणूस), सुतार मिस्त्री, जळगावला शिकणाऱ्या दोन मुली, आणि मी. मी एकतीस वर्षं मोठ्या लाइनीवर सिग्नल मेंटेनर होतो. छोटी लाइन माझ्या नोकरीत कधी आली नाही, लहानपणी आली.

जाताना दारामागे खडूनं लिहून ठेवलं: ज्याचा या स्टेशनाशी संबंध नाही, ते आत ठेवायचं नाही.

1 डिसेंबर 2024

भिंतीचं दुखणं कळलं. जोतं काळ्या दगडाचं, वर दीड विटेची भिंत, सगळं चुन्यात. मग कधीतरी कुण्या ठेकेदारानं बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा थापला आणि वर ऑइलपेंट. दिसायला टकाटक. पण चुन्याची भिंत श्वास घेते. पायातून चढलेली ओल ती पृष्ठभागावरून सोडून देते. सिमेंटनं तिचं तोंडच बांधलं. ओल आत अडकली, क्षार विटांत साचले, आणि कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागला. जिभाऊंनी गिलाव्यावर हातोडीची मागची बाजू ठोकली तर डबडब आवाज. पोकळ. खपली काढली, मागची वीट बोटानं उकरली आणि लाल पीठ हातात आलं.

"दगडाले काय व्हयनं नही," जिभाऊ म्हणाले, "इट मरी गयी."

अख्खा गिलावा उतरवायचा. छिन्नीनं, हातानं, हळू. ब्रेकर मशीन आणू म्हणणाऱ्या दोघांना चहा पाजून परत पाठवलं.

8 डिसेंबर 2024

मालधक्क्याकडच्या पागोळीखाली आग्या मोहोळ. काम बंद.

22 डिसेंबर 2024

चुना विरवला. मागच्या बाजूला सहा बाय चार फुटांचा हौद खणला, विटांनी बांधला. कळीचा चुना पाण्यात सोडला की तो अक्षरशः उकळतो. दोन्ही मुली मोबाइल घेऊन पुढे सरकल्या, जिभाऊंनी त्यांना जोरात मागे ओढलं. डोळ्यात एक थेंब गेला तर डोळा जाईल. चष्मे आणायचे राहिले होते, ही चूक माझी. दुपारी आणले, मग उरलेलं काम केलं.

आता हौदावर कायम चार बोटं पाणी राहिलं पाहिजे. महिना-दीड महिना मुरू द्यायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. गुरुजींनी हौदाला "दही लावलंय" असं नाव दिलं. रोज संध्याकाळी पाणी बघायचं काम शेजारच्या मळ्यातल्या पोराकडे. बदल्यात त्याला गँगमनची जुनी टोपी हवी आहे. टोपी संग्रहातली, देता येत नाही, पण दर रविवारी तासभर घालायला मिळेल असा तह झाला.

12 जानेवारी 2025

बातमी पसरली की स्टेशनात म्युझियम होतंय. सकाळपासून लोक वस्तू आणताहेत. आजची जमा: तांब्याचा बंब, दोन जाती, एक फुटका ग्रामोफोन, पितळी अडकित्ते तीन, "शिवकालीन" म्हणून एक तलवार जिच्या मुठीखाली कारखान्याचा ठसा आहे, आणि एका भाऊंच्या वडिलांचा फेटा.

प्रत्येकाला चहा, प्रत्येकाला नकार. एक जण रागावून गेला. त्याचं म्हणणं, वस्तू जुनी आहे ना, मग तुमचं काय जातं? जातं ते हे: तालुक्याच्या गावी दोन संग्रह पाहिलेत मी, दोन्हीकडे तोच बंब, तीच जाती, तेच अडकित्ते. कुठल्या गावात उभे आहोत ते कळत नाही. इथे येणाऱ्या पोराला कळलं पाहिजे की ही जागा कापसाच्या गाठींसाठी बांधली, की जामनेर-शेंदुर्णीकडचा कापूस पाचोऱ्यापर्यंत या चिमुकल्या वाघिणींतून (मालडब्यांतून) जायचा आणि तिथे हमाल तो पाठीवरून मोठ्या लाइनीच्या वाघिणीत टाकायचे, कारण रुंदी बदलली की गाडी पुढे जात नाही, माणसाची पाठच जाते.

ठेवलं काय? एका आजोबांनी आणलेला गोल बुडाचा लाल बादलीडोल. आगीसाठीचा. बूड गोल यासाठी की जमिनीवर उभा राहू नये, म्हणजे कुणी घरी नेऊन म्हशीला पाणी पाजू नये. तरीही तो त्यांच्या गोठ्यातच सापडला, हे त्यांनी हसत सांगितलं.

19 जानेवारी 2025

आजची नोंद लांब आहे, पण दिवस तसाच होता.

मिस्त्रींनी तिकिटांचं कपाट भिंतीपासून सोडवलं. कपाट म्हणजे खणांची सागवानी मांडणी, प्रत्येक खणावर एका स्टेशनाचं नाव, त्यात पुठ्ठ्याची तिकिटं एकावर एक. तिकीट खालून ओढायचं, वरचं आपोआप खाली सरकतं. प्रत्येकावर क्रमांक. दिवसाअखेर मास्तर प्रत्येक खणातला खालचा क्रमांक वहीत लिहिणार, सकाळचा वजा करणार, उरलेल्याला भाड्यानं गुणणार, गल्ला जुळला पाहिजे. ही पद्धत थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्लंडातल्या एका स्टेशनमास्तरची, 1830 च्या दशकातली. तो मूळचा लाकूडकाम करणारा. हे सांगितल्यावर मिस्त्रींची मान अर्धा इंच उंच झाली.

कपाटामागे, भिंतीच्या फटीत, सात तिकिटं. न विकलेली. साधारण सव्वादोन इंच बाय सव्वा इंच. एक वाळवीनं कुरतडलेलं, सहा चांगली.

आता प्रश्न: कुठल्या सालची? विकलेल्या तिकिटावर तारखेच्या यंत्राचा ठसा असतो. मास्तर तिकीट यंत्रात सरकवायचा, खटकन आवाज व्हायचा. माझ्या पिढीतल्या कुणालाही डोळे मिटून विचारा, तो आवाज तोंडानं काढून दाखवेल. पण न विकलेल्या तिकिटाला तारीख नाही.

गुरुजी आणि धाकटी मुलगी, दोघांनी भिंग घेऊन लावलेला हिशेब जसाच्या तसा लिहितो. दोन तिकिटांवर भाडं "न. पै." मध्ये. नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 ला, आणि 1964 च्या जूनपासून 'नवे' हा शब्द गळून नुसते पैसे राहिले. म्हणजे ही दोन त्या सात वर्षांतली छपाई. तीन तिकिटांवर नुसते पैसे, पण वर्ग तिसरा. तिसरा वर्ग 1974 ला संपला. म्हणजे 64 ते 74. उरलेल्या एकावर दुसरा वर्ग, ते 74 नंतरचं असावं, कारण 74 च्या आधी दुसरा म्हणजे पहिल्या-तिसऱ्याच्या मधला वर्ग, तो या गाडीला कुठून असणार!

मी एक शंका काढली. छापील जुना साठा नव्या भाड्याचा रबरी शिक्का मारून वर्षानुवर्षं खपवायचे, त्यामुळे छपाईचं साल म्हणजे वापराचं साल नव्हे. मुलीनं लगेच लेबलात "छपाई" हा शब्द घातला. हुशार आहे. पाटीवर "अंदाजे" लिहिण्यापेक्षा हे बरं. काय पक्कं आणि ते कशावरून, दोन्ही लिहायचं.

संध्याकाळी तिकिटं जुन्या वहीच्या पानात न ठेवता आम्लरहित कागदात ठेवली. तो कागद पुण्याहून मागवायला लागला, किंमत सांगत नाही, गुरुजी वाचतील.

2 फेब्रुवारी 2025

कौलं उतरवली. मंगलोरी, निम्म्यांच्या पाठीवर कारखान्याचा ठसा. छपराच्या कैच्या (लाकडी सांगाडे) सागवानी आणि धडधाकट, रिपा (कौलांखालच्या पट्ट्या) मात्र वाळवीनं पोकळ. फुटकी कौलं 212. जुनी कौलं पाडलेल्या वाड्यांतून मिळतील असं मिस्त्री म्हणतात. मिळालीही, पहूरकडून एक ट्रॉली.

एक कायमचा वाद आज पुन्हा झाला. पाटीवर ती गोष्ट लिहायची का, की गाडी एवढी हळू चालायची की माणूस उतरून बोरं तोडून परत चढायचा? मी म्हटलं, नाही. हीच गोष्ट यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतलेबद्दल सांगतात, हीच बार्शी लाइटबद्दल सांगतात. हिंदुस्थानातल्या प्रत्येक अरुंद गाडीला ही बोरं चिकटलेली आहेत. मिस्त्री म्हणाले, "पण मी खरंच उतरलोय." मग तुमच्या आवाजात रेकॉर्ड करू, पाटीवर नको. यावर सगळे राजी. रेकॉर्डिंगमध्ये बोरांची चिंचा झाली.

23 फेब्रुवारी 2025

गिलावा. उन्हाळ्याआधी संपवायचाच होता, कारण खानदेशातल्या मार्चनंतरच्या उन्हात चुना वाळत नाही, करपतो आणि तडकतो.

माप जिभाऊंचं: एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग वाळू. पाण्यात चार दिवस भिजवलेला हिरडा आणि गूळ, शिवाय बेलफळाचा गर. पूर्वी हे सगळं बैलानं फिरवायच्या चुन्याच्या घाणीत मळायचे. घाणी कुठून आणणार, लहान मिक्सर भाड्यानं आणला. ही तडजोड जिभाऊंना अजून पसंत नाही. गुळामुळे मुंग्या आल्या. मुंग्या आल्या म्हणजे माल जमला, असं त्यांचं म्हणणं. शास्त्र काय म्हणतं ते मी विचारलं नाही.

विटांमधल्या दर्जा (फटी) आधी भरल्या, मग गिलाव्याचे दोन हात. भिंतीवर ओली गोणपाटं टांगली, दिवसातून पाच वेळा पाणी. त्या मळ्यातल्या पोरानं पाणी मारताना गँगमनची टोपी घातली होती. रविवारच होता, बोलता आलं नाही.

9 मार्च 2025

आज माझ्याच नियमानं मला पकडलं.

ओळखीतल्या एकानं टोकन गोळ्याचं यंत्र देऊ केलं. नील्सचं. लाल रंगाचं, बसक्या कपाटासारखं, वर टेलिफोन. मोडीत निघालेलं, कागदपत्रांसकट. मी आयुष्यभर ही यंत्रं उघडली, पुसली, जुळवली. पाहिलं आणि हात शिवशिवले.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून शेजारच्या दोन स्टेशनांवर अशा यंत्रांची जोडी असते, मधे तार. इकडच्या मास्तरला गोळा काढायचा तर तिकडच्या मास्तरनं त्याच्या यंत्रातून संमतीची वीज सोडली पाहिजे. घंटेच्या ठोक्यांनी बोलणं होतं, मग इकडे यंत्र फिरवलं की एक लोखंडी गोळा बाहेर पडतो. तो चामडी पिशवीत घालून, पिशवीला वेताचं मोठं कडं लावून, ड्रायव्हरच्या हातात. तो गोळा म्हणजे त्या टप्प्यात जायचा हक्क. जोवर तो दोन्हींपैकी एका यंत्रात परत जात नाही, तोवर कुठल्याही बाजूनं दुसरा गोळा निघूच शकत नाही. मास्तर विसराळू असो, झोपाळू असो, यंत्र नाही म्हणजे नाही.

मुलांना दाखवायला याहून चांगलं काही नाही. पण आमच्या स्टेशनात हे कधीच नव्हतं. हे मोठ्या लाइनीचं. धुळे-चाळीसगाव असती, ताप्ती व्हॅलीवरचं एखादं अमळनेर-धरणगाव असतं, तर गोष्ट वेगळी. इथे मास्तरच्या खोलीत ते ठेवलं की पुढच्या वीस वर्षांत ते इथलंच होऊन बसेल आणि मग कुणी तरी त्याच्या भोवती गोष्ट रचेल.

दोन तास चर्चा. धाकटी मुलगी सरळ बोलली: "काका, फेटा आणणाऱ्या भाऊंना तुम्ही नाही म्हणालात, मग हे कसं?" उत्तर नव्हतं.

ठरलं असं: यंत्र घ्यायचं, पण मास्तरच्या खोलीत नाही. मालाच्या गोदामात, वेगळ्या कठड्यात, आणि पाटीची पहिली ओळ: "हे यंत्र या स्टेशनाचं नाही." खालची ओळ मी लिहीन. फेट्यावाल्या भाऊंकडे उद्या जाऊन येतो. फेटा घेणार नाही, पण त्यांचे वडील इथे गाठी उचलायचे हे मी त्या दिवशी विचारलंच नव्हतं, कळलं मागाहून.

16 एप्रिल 2025

आज उद्घाटन करा असा आग्रह होता, कारण 1853 ला याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली, 34 किलोमीटर, 14 डबे, 400 उतारू. तारीख छान आहे, पण आमची छपराच्या कण्यावरची कोनं बसायची आहेत. गुरुजींनी शाळेच्या पोरांना मुंबईच्या गाडीची गोष्ट सांगितली. एका पोरानं विचारलं, "सर, ती पाचोऱ्याला थांबली होती का?" त्याला सांगावं लागलं की तेव्हा पाचोऱ्याला रूळच नव्हते.

रुळाची घंटा आज टांगली. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, ठोकायला जुना खिळा. स्टेशनच्या एका जुन्या फोटोत ती दिसते पण नेमकी उंची कळत नाही, म्हणून व्हरांड्याच्या पहिल्या खांबाला, माझ्या डोक्याच्या उंचीवर हूक मारून लावली. खांबाला भोक पाडायची परवानगी दोन आठवडे आधीच घेतली होती.

30 एप्रिल 2025, आखाजी

आज कामाला कुणी येणार नाही हे माहीत होतं. आखाजीला खानदेशात काम कोण करतं? मी फक्त पाणी मारायला आलो. निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी लांबून ऐकू येत होती. ऊन असं की व्हरांड्याच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येईना.

अकराच्या सुमारास एक आजी आल्या, नातवाच्या मोटारसायकलवर. माहेरवाशीण. वय पंच्याहत्तरच्या पुढे. चपला पायरीखाली काढल्या, त्या तापलेल्या फरशीवर तशाच चालल्या, जणू काही नाही. माझ्याकडे न बघता खिडकी पाहिली, बाक पाहिला, बाकाखाली वाकून पाहिलं. मग घंटेसमोर उभ्या राहिल्या.

"हाई कोनी टांगी?"

मी म्हटलं, आम्ही.

"इतली उच्ची नव्हती. मन्हा बाप इतलासाच व्हता." आणि त्यांनी हात आपल्याच कपाळाच्या जरा वर धरला. बाप इथला पाणीवाला. गाडी आली की उतारूंना पाणी द्यायचं, फलाट झाडायचा, बत्त्या पुसायच्या आणि ही घंटा मारायची. आखाजीच्या आदल्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, सगळ्या लेकी माहेरी यायच्या. शेंदुर्णीला रथाच्या वेळी जेवढी गर्दी, तेवढी.

मी वादात पडलो नाही, पण मनात आलं, साठ वर्षांपूर्वीची उंची कुणाच्या ध्यानात राहते? फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी तो पाहिलाही नाही. खांबाकडे गेल्या, तैलरंगावरून अंगठा फिरवला, एका जागी थांबल्या. "आठे." म्हणजे इथे.

रंगाखाली काहीच दिसत नव्हतं. त्यांना माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन गेल्या. आवाज रेकॉर्ड करायचं माझ्या लक्षातच आलं नाही. नातवाचा नंबर घेतला आहे.

4 मे 2025

मिस्त्रींना खांब खरवडायला लावला, फक्त ती जागा. वरून क्रीम, मग हिरवा, मग पुन्हा क्रीम, मग गेरूसारखा लाल, मग लाकूड. लाल थराखाली लांबी भरलेलं भोक, करंगळीएवढं, आत गंजलेल्या हुकाचं टोक मोडून राहिलेलं. आमच्या हुकाच्या बरोबर एक वीत खाली. मिस्त्रींनी टोकाला सुई लावली आणि माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत.

जुनं टोक तसंच ठेवायचं, काढायचं नाही. घंटा त्याच उंचीवर घ्यायची, पण वजन जुन्या लाकडावर नको म्हणून खांबाभोवती लोखंडी पट्टा. आमच्या वरच्या भोकात सागवानी खुंटी ठोकून बुजवलं. तेही वहीत लिहिलं, नाहीतर पन्नास वर्षांनी कुणी तरी त्यावरून काही सिद्ध करेल.

पट्ट्याला 12 चे बोल्ट लागतील, चार. पाचोऱ्याहून आणायचे. आजींच्या नातवाला फोन केला, त्या अजून दोन दिवस माहेरी आहेत.